गन बेटावरचा तळ आणि त्याची माणसे

आमचे अण्णाकाका हवाई दलात होते. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : "म्हणजे विमान चालवायचे का?" काका शांतपणे म्हणत, "नाही, स्टोअर्समध्ये होतो." विचारणाऱ्याचा चेहरा लगेच पडत असे. लहानपणी मीही हा प्रश्न त्यांना विचारला होता आणि माझाही चेहरा तसाच पडला असावा, कारण त्यांनी मला जवळ बसवून सांगितले, "अरे, एक विमान वर गेले म्हणजे खाली पन्नास माणसांनी आपापले काम चोख केलेले असते. त्या पन्नासांतला मी एक." पुण्याजवळ लोहगावच्या तळावर त्यांनी कितीतरी वर्षे टायर, नळ्या, नट-बोल्ट आणि सुट्या भागांचे हिशोब ठेवले. नोकरीच्या काळात विमानात बसण्याचा योग त्यांना दोनदाच आला, आणि तोही मालाच्या पेट्यांच्या शेजारी.

काका आता नाहीत. पण पदवीच्या वर्गाला दुसऱ्या महायुद्धानंतरचे जग शिकवताना मला त्यांची आठवण वारंवार येते. युद्धाच्या इतिहासात सेनापती असतात, लढाया असतात, विमानांची नावे असतात. त्या विमानांत तेल भरणारा, त्यांच्यासाठी हवेचा अंदाज काढणारा, वैमानिकासाठी पहाटे चूल पेटवणारा माणूस बहुधा नसतो. आणि ज्या गावाच्या जमिनीवर धावपट्टी होते ते गाव तर तळटीपेतही सापडत नाही. म्हणून या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा अशाच एका तळाची हकीकत सांगावी असे मनात आले. हा तळ लढणाऱ्या विमानांचा नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची सोय पाहणे हेच त्याचे काम होते. पाठबळाचे काम करणारी एक तुकडी परक्या समुद्रात वीस वर्षे नांदली आणि निघून गेली, एवढीच ती हकीकत. पण त्या वीस वर्षांत एका लहानशा समाजाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

रत्नागिरीच्या रेषेत

भिंतीवरचा नकाशा पाहावा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून सरळ दक्षिणेकडे रेघ ओढली तर ती अरबी समुद्रातून, लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटाच्या अगदी जवळून खाली जाते, मालदीवची लांबच लांब द्वीपमाला पार करते, विषुववृत्त ओलांडते आणि सुमारे दोन हजार किलोमीटरवर अड्डू नावाच्या प्रवाळबेटांच्या कड्याला जाऊन मिळते. अशा कड्याला इंग्रजीत 'अॅटॉल' म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजांनी मालदीवच्या भाषेतूनच उचललेला आहे. मधोमध खोल, शांत पाण्याचे सरोवर आणि भोवताली खडकांची व बेटांची माळ, अशी त्याची रचना असते. अड्डू हे मालदीवचे दक्षिण टोक. तेथे नारळ, नीरफणस आणि अळू पिकते, आणि बाकी सारे समुद्रावर अवलंबून असते.

या अड्डूच्या दक्षिण बाजूला गन नावाचे बेट आहे. त्याचा बंदुकीशी संबंध नाही. मालदीवची दिवेही भाषा आपल्या मराठीप्रमाणेच आर्यभाषाकुळातील आहे, सिंहली भाषेची ती जवळची बहीण. आणि 'गन' हा शब्द संस्कृत 'ग्राम' या शब्दापासून आला असे मानतात. म्हणजे आपला 'गाव' आणि त्यांचा 'गन' एकाच मूळचे. लहानसेच हे बेट. त्याच्या नावातच गाव आहे, आणि पुढे नेमके गावच तेथून उठवावे लागले.

गुप्त बंदर

गनवर सैन्य पहिल्यांदा उतरले ते १९४१ च्या उत्तरार्धात. जपान युद्धात उतरण्याची चिन्हे दिसत होती. सिंगापूर आणि सिलोनची बंदरे शत्रूला ठाऊक होती. तेव्हा ब्रिटिश आरमाराला हिंदी महासागरात एक न सांगितलेले बंदर हवे होते. अड्डूचे सरोवर मोठमोठी जहाजे नांगरण्याइतके खोल होते. 'पोर्ट टी' या सांकेतिक नावाने तेथे काम सुरू झाले. तेलाच्या टाक्या, तोफांचे मोर्चे आणि गनवर एक धावपट्टी उभी राहिली. आरमारी सैनिकांना उष्णतेने, हिवतापाने आणि टायफससारख्या तापांनी हैराण केले. शत्रूची एक गोळीही न झेलता माणसे आजाराने निकामी होत होती.

पण ती धडपड वाया गेली नाही. एप्रिल १९४२ मध्ये अॅडमिरल नागुमोच्या विमानवाहू जहाजांनी कोलंबोवर आणि नंतर त्रिंकोमालीवर हल्ला चढवला. ५ एप्रिलला कोलंबोवर बाँब पडले, त्याच सुमारास अॅडमिरल सॉमरव्हिलचा मुख्य काफिला तेल-पाणी घेण्यासाठी अड्डूत आलेला होता. जपान्यांना या जागेचा पत्ताच नव्हता. त्या काफिल्याच्या बचावात अड्डूच्या तेलपाण्याच्या सोयीचाही वाटा होता.

पुढे मार्च १९४४ मध्ये यू-१८३ या जर्मन पाणबुडीने मात्र हे बंदर गाठले. बाहेरूनच, संरक्षक जाळ्यांच्या फटीतून तिने पाणतीर सोडला आणि आत उभ्या असलेल्या 'ब्रिटिश लॉयल्टी' या तेलवाहू जहाजाला तो लागला. बिचाऱ्या जहाजाचे नशीबच असे, की १९४२ मध्ये मादागास्करच्या बंदरातही त्याला जपानी पाणबुडीने असेच बुडवले होते आणि तेथून ते वर काढले होते. १९४६ मध्ये ते अड्डूच्या सरोवरातच बुडवण्यात आले. आज त्याच्यावर प्रवाळ वाढले आहे आणि पाणबुडे ते पाहायला जातात. युद्ध संपले, सैन्य गेले, धावपट्टीवर रान माजले.

तळ का हवा होता ?

युद्धानंतर हिंदुस्थान स्वतंत्र झाला, सिलोनही झाला. पण सिलोनमधील त्रिंकोमालीचे आरमारी बंदर आणि निगोंबोजवळचा विमानतळ ब्रिटिशांकडे करारान्वये राहिला होता. १९५६ च्या निवडणुकीत भंडारनायके सत्तेवर आले आणि त्यांनी हे तळ परत मागितले. १९५७ मध्ये ते सोडावे लागले.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ब्रिटनचे साम्राज्य आटत होते, पण सिंगापूर, मलाया, हाँगकाँग येथे त्याचे सैन्य अजून होते. त्या काळची वाहतुकीची विमाने इंग्लंडहून सिंगापूरला एका दमात जाऊ शकत नव्हती. मध्ये उतरून तेल घ्यायचे, यंत्रे तपासायची, वैमानिक बदलायचे, हे अटळ होते. एडन किंवा बहारीन सोडल्यावर सिंगापूरपर्यंत मध्ये सारा समुद्र. तेव्हा युद्धकाळातले ते विसरलेले बेट पुन्हा कोणाला तरी आठवले. गनपासून सिंगापूर सुमारे ३,४०० किलोमीटर, म्हणजे त्या वेळच्या विमानांच्या आवाक्यात. आपल्याकडे घाट चढण्याआधी एस.टी. जशी पायथ्याच्या स्टँडवर थांबते, गाडीला पाणी आणि माणसांना चहा मिळतो, तसाच हा थांबा. फक्त वळसा घालायला दुसरा रस्ता नव्हता.

मालदीव १८८७ पासून ब्रिटनच्या संरक्षणाखाली होते. डिसेंबर १९५६ मध्ये सुलतानाच्या सरकारशी करार झाला. शंभर वर्षांचा पट्टा आणि वर्षाला दोन हजार पौंड भाडे, असा तो व्यवहार होता. १९५७ मध्ये रॉयल एअर फोर्सचे 'गन स्टेशन' सुरू झाले. प्रवाळाचा चुरा दाबून सुमारे ८,७०० फूट लांबीची धावपट्टी बांधण्यात आली. बेटाच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत ती पोचली. धावपट्टी, टाक्या, बराकी, मनोरा एवढे झाल्यावर गावाला जागा उरली नाही.

गनच्या लोकांना शेजारच्या फेयधू बेटावर हलवण्यात आले. मग फेयधूच्या लोकांना जागा पुरेना, म्हणून त्यांतील पुष्कळांना त्यापुढच्या मरधू बेटावर जावे लागले. आजही मरधूवरच्या त्या वस्तीचे नाव 'मरधू-फेयधू' असे आहे. धरणाखाली गेलेल्या गावांची नावे नव्या वसाहतींना लागलेली आपण कोयनेच्या परिसरात पाहतो. समुद्रातही तोच प्रकार. माणसे गाव सोडतात तेव्हा नाव बरोबर घेऊन जातात.

तळाचा एक दिवस

गनवर कायमची लढाऊ विमाने जवळजवळ नव्हतीच. सिंगापूरहून शॅकल्टन जातीची विमाने पाळीपाळीने येत. समुद्रात कोणी संकटात सापडले तर शोध घेणे हे त्यांचे काम. बाकी सारा तळ पाहुण्यांसाठी. पाच-सहाशे ब्रिटिश कर्मचारी तेथे असत. नेमणूक साधारण वर्षभराची. बायकामुलांना आणायची परवानगी नव्हती. सैनिकांच्या करमणुकीची व्यवस्था पाहणारी स्वयंसेवी संस्थेची एक बाई, एवढीच काय ती त्या तळावरची स्त्री. बेटावर फिरायला सायकली. दिवस मोजणे हा सर्वांचा छंद.

विमान येणार असे कळले की काय काय हलत असे ते पाहा. हितधू बेटावरच्या बिनतारी केंद्रातून शेकडो मैलांवरील विमानाशी बोलणे सुरू होई. हवामान विभाग वाऱ्याचा आणि ढगांचा अंदाज देई. विषुववृत्ताजवळची वादळे अचानक उठतात, आणि येथे उतरता आले नाही तर जवळपास दुसरी धावपट्टी नाही. बंदर विभागाच्या होड्या सरोवरात सज्ज राहत, कारण विमान चुकून धावपट्टीपलीकडे गेले तर पाण्यातच जाणार. अग्निशामक गाड्या ठाण मांडून उभ्या. विमान थांबताच तेलवाल्यांची गाडी, यंत्रज्ञांची टोळी, सामान उतरवणारे, मग प्रवाशांना जेवणघराकडे नेणारे. तास-दीड तासात सारे आटोपून विमान पुन्हा समुद्रावर झेपावे आणि बेटावर शांतता पसरे.

हे तेल येई कोठून ? बेटावर तर पिण्याचे पाणीदेखील जपून वापरायचे. 'वेव्ह व्हिक्टर' नावाचे एक जुने तेलवाहू जहाज १९६० च्या दशकात सरोवरात कायमचे नांगरून ठेवले होते. ते म्हणजे तरंगती टाकीच. मोठी जहाजे येऊन ते भरत आणि त्यातून बेटावर तेल जाई. बटाट्यापासून बॅटरीपर्यंत प्रत्येक वस्तू बाहेरून येई. कोणती वस्तू किती उरली, किती दिवस पुरेल आणि पुढचे जहाज केव्हा, याचा हिशोब चुकला तर वैमानिक कितीही शूर असला तरी विमान जागचे हलत नाही. काका असते तर येथे हसले असते.

१९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात संघर्ष पेटला, ब्रिटनने मलेशियाची बाजू घेतली, आणि इंग्लंडहून पूर्वेकडे माणसे व सामान नेणाऱ्या विमानांची गनवर रीघ लागली. ब्रिटानिया, कॉमेट, पुढे व्ही.सी. १० असे नवे नवे पाहुणे आले. वर्तमानपत्रांतून बातम्या बोर्निओच्या जंगलातल्या येत. गनचे नाव क्वचित.

पगाराचे राजकारण

आता या हकीकतीची दुसरी बाजू. एवढा मोठा तळ केवळ गोऱ्या सैनिकांवर चालत नव्हता. अड्डूचे शेकडो लोक तेथे कामाला लागले. सकाळी 'धोनी' नावाच्या होड्यांतून शेजारच्या बेटांवरून माणसे येत आणि संध्याकाळी परत जात. स्वयंपाकघर, धुलाई, सुतारकाम, सामान वाहणे, होड्या चालवणे, कार्यालयात निरोप्याचे काम. मासळी विकून आणि नारळाच्या दोराचे व्यापार करून जगणाऱ्या माणसांच्या हाती पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला रोख पैसा पडू लागला. आजाऱ्याला दवाखाना मिळाला. कानावर इंग्रजी पडू लागली.

राजधानी माले तेथून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर, उत्तरेला. दक्षिणेकडच्या बेटांचा मालेशी संबंध पूर्वीपासूनच ताणलेला होता. त्यांची बोली वेगळी, आणि त्यांचे व्यापारी पूर्वी आपल्या गलबतांतून थेट सिलोनला जात. तो व्यापार आपल्या हाती असावा असे मालेच्या सरकारला वाटे. त्यात हा तळाचा पैसा आला. डिसेंबर १९५७ मध्ये इब्राहिम नासिर पंतप्रधान झाले. शंभर वर्षांचा पट्टा आणि दोन हजार पौंड हा व्यवहार देशाचे नुकसान करणारा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि निःपक्षपातीपणे पाहिले तर त्यांत खोटे काय होते? पट्ट्याची मुदत कमी करा, भाडे वाढवा अशी मागणी त्यांनी केली आणि दबाव आणण्यासाठी अड्डूच्या लोकांना तळावरचे काम थांबवण्यास सांगितले.

देशाच्या दृष्टीने ही वाटाघाट होती. अड्डूच्या माणसाच्या दृष्टीने चूल विझण्याची वेळ होती. त्याच सुमारास होड्यांवर नवा कर बसणार असे मालेच्या अधिकाऱ्याने जाहीर केले आणि लोक खवळले. जानेवारी १९५९ च्या पहिल्या आठवड्यात अड्डूने मालेशी संबंध तोडल्याची घोषणा केली. हुवधू आणि फुवामुला ही दक्षिणेची बेटेही त्यात सामील झाली आणि 'सुवादीव' नावाचे एक चिमुकले राज्य जन्माला आले. त्याचे अध्यक्ष झाले अब्दुल्ला अफीफ दीदी. ते शिकलेले, इंग्रजी जाणणारे, तळाचे अधिकारी आणि स्थानिक लोक यांच्यामध्ये दुभाष्याचे व संपर्काचे काम करणारे गृहस्थ. तळाच्या सेवेतील माणसालाच राष्ट्राध्यक्ष व्हावे लागले, असा इतिहासातला हा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल.

सुरुवातीला ब्रिटिशांनी या राज्याकडे कानाडोळा केला. त्यांना कामगार हवे होते आणि ते मिळत होते. पण फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांचा मालेशी नवा करार झाला. पट्टा तीस वर्षांचा ठरला आणि १९६० ते १९६५ या काळात विकासासाठी साडेसात लाख पौंड देण्याचे कबूल झाले. नासिर यांना हवे ते बरेचसे मिळाले, ब्रिटिशांना धावपट्टी मिळाली. सुवादीवची गरज कोणालाच उरली नाही. हुवधूवर मालेहून सशस्त्र होड्या गेल्या. फेब्रुवारी १९६२ मध्ये तेथील तिनधू हे भरवस्तीचे बेट रिकामे करण्यात आले, घरे उद्ध्वस्त झाली. ते बेट पुन्हा वसले ते १९६६ मध्ये. अड्डूवर मात्र ब्रिटिशांच्या सावलीमुळे असा प्रसंग आला नाही.

अखेर सप्टेंबर १९६३ मध्ये सुवादीव संपले. अफीफ दीदी आणि त्यांचे कुटुंब 'लॉक लोमंड' या ब्रिटिश युद्धनौकेतून सेशेल्स बेटांकडे रवाना झाले. तेथेच १९९३ मध्ये त्यांचा शेवट झाला. २६ जुलै १९६५ रोजी मालदीव स्वतंत्र झाले, तळ होता तेथेच राहिला आणि सकाळच्या होड्या पुन्हा नियमाने येऊ लागल्या.

हा इतिहास वर्गात सांगताना विद्यार्थी मला विचारतात, "सर, मग चूक कोणाची ?" मला अजून एका वाक्यात उत्तर देता आलेले नाही. नासिर यांची मागणी रास्त होती. अड्डूच्या माणसाची भूकही खरी होती. आणि ज्याच्यामुळे हा पेच पडला तो तिसरा पक्ष आपल्या सोयीप्रमाणे आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या बाजूला उभा राहिला. परका तळ जेथे उभा राहतो तेथे राष्ट्राचे हित आणि गावाचे पोट यांच्यात असा पेच पडू शकतो, एवढे मात्र खरे.

दिवे मालवले

जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटिश सरकारने सुएझच्या पूर्वेकडचे सैन्य काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. पैसा पुरत नव्हता, हे मुख्य कारण. सिंगापूरचे बहुतेक सैन्य १९७१ अखेर निघाले. वाटेवरचे गावच उठले तर वाटेतला थांबा कशाला ? तरी गन आणखी काही वर्षे तगले. शेवटी मार्च १९७६ मध्ये झेंडा उतरला आणि तळ बंद झाला.

त्याच सुमारास आणखी दक्षिणेला, जवळजवळ त्याच रेखांशावर, दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा मोठा तळ उभा राहत होता. तेथल्या रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात कायमचे बाहेर काढण्यात आले. गनच्या लोकांना निदान शेजारच्या बेटावरून आपली जमीन दिसत होती. दिएगो गार्सियाच्या लोकांना तेवढेही सुख लाभले नाही. १९७७ मध्ये सोव्हिएत रशियाने गनसाठी वर्षाला दहा लाख डॉलर देऊ केले होते. मालदीव सरकारने ते नाकारले. पूर्वी दोन हजार पौंडांत गेलेले बेट आता दहा लाख डॉलरांनाही द्यायचे नाही, असे त्या छोट्या देशाने ठरवले.

पण अड्डूच्या घराघरांत काय झाले ? ज्या पिढीने होडी सोडून पगार धरला होता, तिचा पगार एका महिन्यात थांबला. हे वाचताना मला माझे गाव आठवले. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वाडीत घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत असे आणि दरमहा पोस्टमन मनीऑर्डर आणत असे. १९८२ चा संप झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत, आणि पोस्टमनची वाट पाहणाऱ्या ओट्या ओस पडल्या. दूरच्या चाकाला आपला संसार बांधलेला असला की ते चाक कोणत्या कारणाने थांबते हे आपल्याला कोणी विचारत नाही.

अड्डूची माणसे मात्र हातपाय गाळून बसली नाहीत. मालेजवळ १९७२ पासून पर्यटकांची विश्रामस्थाने निघू लागली होती. जेवण वाढणे, खोल्या लावणे, यंत्रे दुरुस्त करणे आणि सर्वांत मुख्य म्हणजे इंग्रजीत बोलणे, हे सारे अड्डूच्या लोक तळावर शिकले होते. तीच विद्या घेऊन ते उत्तरेकडे गेले. तळाच्या रिकाम्या इमारतींत पुढे कपडे शिवण्याचे परदेशी कारखाने आले. अड्डूच्या मुली तेथे शिवणयंत्रावर बसल्या. कालांतराने तेही बंद पडले. जुन्या बराकींत 'इक्वेटर व्हिलेज' नावाचे पर्यटक निवास सुरू झाले. ब्रिटिशांची धावपट्टी वाढवून आज तेथे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. गन, फेयधू, मरधू आणि हितधू ही बेटे आता रस्त्याने जोडलेली आहेत. होडीची वाट पाहावी लागत नाही.

आणि आपली माणसे

या गोष्टीचा अलीकडचा भाग आपल्या देशाशी जोडलेला आहे. २०१० मध्ये भारताने मालदीवला एक 'ध्रुव' हेलिकॉप्टर दिले आणि ते अड्डूत, याच गन विमानतळावर ठेवले गेले. दूरच्या बेटावरील अत्यवस्थ रुग्ण हलवणे, समुद्रात शोध घेणे ही त्याची कामे. ते चालवायला आणि त्याची देखभाल करायला भारतीय सैनिक तेथे राहत. म्हणजे पुन्हा एक पाठबळाची तुकडी, पुन्हा तेच बेट. फक्त या वेळी ती आपली होती.

आपल्याला यात मदतच दिसत होती. मालदीवमध्ये अनेकांना परके सैन्य दिसले. २०२३ च्या निवडणुकीत हा मोठा मुद्दा झाला आणि मोहम्मद मुइझू निवडून आले. मार्च २०२४ मध्ये अड्डूतील भारतीय सैनिक परतले, आणि १० मे २०२४ पर्यंत मालदीवमधील सर्व भारतीय सैनिक माघारी आले. त्यांच्या जागी भारतातूनच असैनिक तंत्रज्ञ गेले. हेलिकॉप्टर तेच, काम तेच. अंगावरचा गणवेश तेवढा बदलला.

त्या वेळी आपल्या वर्तमानपत्रांत पुष्कळ रागाची भाषा होती. मी वर्गात एवढेच म्हणालो, की त्या माणसांच्या गाठीशी १९५७ ची आठवण आहे. ज्यांच्या गावावर परक्यांची धावपट्टी झाली, ज्यांच्या पगारापायी राज्य उभे राहिले आणि बुडाले, ते गणवेश पाहून दोनदा विचार करणारच. आणि त्याच वेळी, रात्री-अपरात्री एखाद्या बेटावरून अडलेल्या बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला उचलून आणण्यासाठी ते यंत्र चालू स्थितीत ठेवणारे आपले जवान, त्यांचेही ऋण खरेच होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणे अवघड जाते, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो प्रयत्न करायला हवा.

अण्णाकाकांची लोखंडी ट्रंक अजून आमच्या माजघरात आहे. तिच्यात त्यांची हिशोबाची एक वही सापडली. सरकारी नव्हे, घरची. किराणा, दूध, माझ्या शाळेची फी, सारे तारीखवार आणि शेवटच्या पैशापर्यंत जुळवलेले. गनच्या बंद झालेल्या भांडारातही अशा वह्या असतील, कोणा अड्डूवाल्याच्या किंवा कोणा इंग्रज पोऱ्याच्या हातच्या. मालदीवच्या नकाशावर गन शोधायचे असेल तर ग्रंथालयातील मोठा अॅटलास काढावा, रत्नागिरीवर बोट ठेवावे आणि सरळ खाली यावे. विषुववृत्त ओलांडले की लगेच ते दिसते.